रेंज जाणार हे धरूनच चला: मोबाइल अ‍ॅपसाठी नेटवर्क-मिडलवेअरची पहिली बांधणी

परळच्या एका टॉवरमध्ये, चौतिसाव्या मजल्यावर, घरोघरी जाऊन नमुने घेणारा आमचा एक मुलगा एका आजींच्या रक्ताचा नमुना घेऊन बाहेर पडला. लिफ्टमध्ये शिरता शिरता त्याने अ‍ॅपमध्ये 'जमा करा' दाबलं. दार बंद झालं, रेंज गेली, पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. तळमजल्यावर आल्यावर त्याने पुन्हा दाबलं. खरं तर पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोचली होती, फक्त तिचं उत्तर परत आलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या यादीत नमुने दोन झाले आणि हातात नळी एकच. एक नमुना गहाळ झाला असं धरून दुसऱ्या दिवशी त्याला परत त्याच घरी पाठवलं. "आजी, पुन्हा टोचावं लागणार," हे त्याला सांगावं लागलं ते आमच्या कोडमुळे.

मी त्या टीममध्ये तेव्हा नवीन होते. नेटवर्क हा विषय म्हणजे 'इंटरनेट आहे का' एवढी एक तपासणी, असं मला वाटायचं. अ‍ॅपच्या प्रत्येक पडद्यावर ती तपासणी आम्ही वेगवेगळी लिहिली होती. या लेखात त्याऐवजी काय करायचं ते पायरीपायरीने सांगते. घरी येऊन नमुने घेणाऱ्यांचं हेच अ‍ॅप उदाहरण म्हणून शेवटपर्यंत धरते, म्हणजे गोष्टी हवेत राहणार नाहीत.

मिडलवेअर म्हणजे इमारतीची टाकी

मुंबईत पालिकेचं पाणी बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासच येतं. तरी नळ उघडताना आपण वेळ बघत नाही, कारण मध्ये टाकी असते. पाणी आलं की खालची टाकी भरते, पंप ते गच्चीवर चढवतो, आणि नळाला पालिकेचं वेळापत्रक माहीत असावं लागत नाही. अ‍ॅपचे पडदे म्हणजे नळ, मोबाइल नेटवर्क म्हणजे पालिकेची लाइन, आणि मधली टाकी-पंपाची व्यवस्था म्हणजे मिडलवेअर. नेटवर्कचा अंदाज घेणं, काय आत्ता पाठवायचं आणि काय थांबवायचं ते ठरवणं, पाठवताना आकार कमी करणं, चुकलं तर पुन्हा प्रयत्न करणं, हे सगळं या एका थरात राहतं.

म्हणून पहिला नियम कडक ठेवा: अ‍ॅपमधल्या कुठल्याही पडद्याने थेट नेटवर्कला हात लावायचा नाही. एकच दरवाजा ठेवा. त्यातून आत जाताना पडद्याने तीनच गोष्टी सांगायच्या: काम काय आहे, ते कोणत्या वर्गातलं आहे, आणि किती वेळात झालं नाही तर त्याचा उपयोग संपतो. अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी या लायब्ररीचे इंटरसेप्टर (प्रत्येक विनंती जाता-येता मध्ये अडवणारे कोडचे तुकडे) या दरवाजाचा काही भाग सांभाळतात, फ्लटरमध्ये डिओ या लायब्ररीचे इंटरसेप्टर आहेत. आयओएसवर यूआरएल सेशन या अ‍ॅपलच्या साधनाभोवती स्वतःचा क्लास गुंडाळा. साधन कोणतंही घ्या, दरवाजा एकच हवा.

पायरी १: कोडच्या आधी वही

अ‍ॅप सर्व्हरशी जे जे बोलतं त्याची यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे हरवलं तर चालेल का? उशिरा पोचलं तर चालेल का? दोनदा पोचलं तर काय बिघडेल?

आमच्या अ‍ॅपची यादी साधारण अशी निघाली. नमुन्याचा बारकोड आणि नमुना घेतल्याची वेळ: हरवून चालणार नाही, दोनदा जाऊन चालणार नाही, तासभर उशीर चालेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो: हरवून चालणार नाही, पण संध्याकाळपर्यंत पोचला तरी चालतं. मुलगा आत्ता कुठे आहे ते ठिकाण: हरवलं तरी चालतं, आणि उशिरा पोचलं तर त्याचा काहीच उपयोग नाही. दिवसभराच्या भेटींची यादी: थोडी जुनी चालेल, पण किती जुनी ते दिसायला हवं. पैसे भरणं: हे सगळ्यांत वेगळं, त्याबद्दल पुढे.

ही वही प्रोग्रामरने एकट्याने भरू नये. आम्ही ती प्रयोगशाळेतल्या मावशींबरोबर बसून भरली. नमुना घेतल्याची वेळ फोनवरच नोंदवून ठेवायला हवी, सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळ ही नमुन्याची वेळ मानायची नाही, हे त्यांनीच सांगितलं. उपाशीपोटीच्या साखरेत त्याने फरक पडतो. आम्ही तोवर सर्व्हरची वेळ छापत होतो.

पायरी २: दांड्यांवर विश्वास नको, स्वतः मोजा

गणपतीत लालबागला जा किंवा संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर उभे राहा. फोनवर दांडे पूर्ण दिसतात आणि मेसेज जात नाही. दांडे सिग्नलची ताकद सांगतात. त्याच टॉवरवर आणखी किती हजार फोन लटकलेत हे ते सांगत नाहीत. उलट गिरगावातल्या जुन्या चाळीत, जाड भिंतींच्या आतल्या खोलीत, एकच दांडा असतो, पण रात्री अकरा वाजता त्यावर सगळं सुरळीत चालतं.

माहिती दोन जागांहून घ्या. पहिली जागा फोनची यंत्रणा. अँड्रॉइडवर कनेक्टिव्हिटी मॅनेजरकडे नेटवर्क कॉलबॅक नोंदवला की नेटवर्क बदलल्याचं तो आपणहून कळवतो, सारखं विचारत बसावं लागत नाही. इथे 'इंटरनेट' आणि 'व्हॅलिडेटेड' या दोन क्षमता वेगळ्या आहेत, हे नवीन माणसाला हमखास माहीत नसतं. पहिलीचा अर्थ, हे जाळं इंटरनेट देण्यासाठी आहे. दुसरीचा अर्थ, इंटरनेटपर्यंत खरोखर पोचता आलं हे फोनने तपासलंय. कॅफेच्या वायफायला जोडलात पण लॉगिनच्या पानावर नंबर टाकला नाहीत, तर पहिली क्षमता असते, दुसरी नसते. आयओएसवर हेच काम एनडब्ल्यू पाथ मॉनिटर करतो; आयओएस १२ पासून तो आहे. जोडणी मोबाइल डेटाची किंवा हॉटस्पॉटची आहे का आणि वापरणाऱ्याने कमी डेटाचा पर्याय लावलाय का, हेही त्याच्याकडून कळतं. त्या पर्यायाचा मान ठेवा. डेटा पॅक त्या माणसाच्या पैशाचा आहे.

दुसरी जागा, आणि जास्त खरी, म्हणजे आपल्याच विनंत्या. प्रत्येक विनंतीला उत्तर यायला किती वेळ लागला ते थरात नोंदवा. वेगळा वेग-तपास करू नका, त्यात वापरणाऱ्याचा डेटा आणि बॅटरी जाते. एकेका मापावर निर्णय घेऊ नका, सरासरी ठेवा, पण नव्याला थोडं वजन देणारी. टीसीपी (इंटरनेटवर माहिती नीट पोचवण्याचा नियमसंच) स्वतः हेच करतं: व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या कामापासून तिथे जुन्या सरासरीला सात-अष्टमांश आणि नव्या मापाला एक-अष्टमांश वजन देतात. समजा सरासरी २०० मिलिसेकंद आहे आणि नवं माप १८०० आलं. नवी सरासरी १७५ अधिक २२५, म्हणजे ४००. पुन्हा १८०० आलं तर ३५० अधिक २२५, म्हणजे ५७५. एका झटक्याने घाबरायचं नाही, पण सलग झटके बसले तर लवकर जागं व्हायचं, असा हा हिशेब आहे. माझं मत असं की अ‍ॅपमध्ये बिघडताना वजन वाढवून एक-चतुर्थांश करावं आणि सुधारताना एक-अष्टमांशच ठेवावं. नेट बिघडल्याचं उशिरा कळणं महाग पडतं. सुधारल्याचं चार सेकंद उशिरा कळलं तर कुणाचं अडत नाही.

या सरासरीवरून तीनच स्थिती काढा: बरी, ढिली, बंद. सुरुवातीला पाच-सहा पायऱ्या करण्याचा मोह होतो. पण प्रत्येक पायरीला वेगळं वागणं लिहावं लागतं आणि प्रत्येकीची चाचणी करावी लागते.

स्थिती बदलायची रेषा एकच ठेवू नका. पुन्हा टाकीकडे बघा. पाणी खालच्या खुणेला गेलं की पंप चालू होतो आणि वरच्या खुणेला पोचलं की बंद होतो. एकच खूण ठेवली तर पंप दर मिनिटाला चालू-बंद होईल आणि मोटर जळेल. तसंच सरासरी ९०० मिलिसेकंदांच्या वर गेली की 'ढिली' म्हणा, पण परत 'बरी' म्हणायला ती ५००च्या खाली यायला हवी. हे आकडे मी उदाहरणादाखल दिलेत. तुमचे आकडे तुमच्या नोंदींतून काढा, आणि ते कोडमध्ये न कोरता सर्व्हरवरून बदलता येतील असे ठेवा.

पायरी ३: आधी रांगेत, मग नेटवर्कवर

आजींचा प्रसंग या पायरीने टळला असता, म्हणून इथे जरा थांबते.

'जमा करा' दाबल्यावर पहिलं काम नेटवर्कचं नाही. आधी नोंद फोनवरच्या डेटाबेसमध्ये लिहा, एसक्यूलाइट पुरेसं आहे. तिथे ती 'पाठवायची आहे' अशा खुणेने बसते. मग एक वेगळा पाठवणारा रांगेतून एकेक नोंद उचलतो. मध्येच फोन बंद पडला, अ‍ॅप मारलं गेलं, तरी रांग शाबूत राहते.

प्रत्येक नोंदीला ओळख-क्रमांक फोननेच द्यायचा, आणि तोही नोंद तयार होतानाच. यूयूआयडी वापरा, म्हणजे पुन्हा कुठेही न येणारा लांबलचक यदृच्छ क्रमांक. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जायला हवा. सर्व्हरवर त्या क्रमांकाला 'एकदाच' अशी अट घाला: क्रमांक आधी आलेला असेल तर नवी नोंद करायची नाही, पहिल्या वेळी दिलेलं उत्तरच परत द्यायचं. मग लिफ्टमध्ये बटण चार वेळा दाबलं गेलं तरी नमुना एकच राहतो. हे एकट्या अ‍ॅपवाल्याचं काम नाही. सर्व्हर लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी शेजारी बसवा.

पुन्हा प्रयत्न किती वेळाने करायचा? २ सेकंद, ४, ८, १६ असं दुपटीने वाढवा आणि त्याला वरची मर्यादा घाला. शिवाय त्यात थोडा यदृच्छ वेळ मिसळा: ८ सेकंद थांबायचं असेल तर ० ते ८ मधला कुठलाही आकडा निवडा. कारण असं की, सर्व्हर दोन मिनिटं पडला आणि सगळे फोन घड्याळ लावून एकाच क्षणी परतले, तर तो उठता उठता पुन्हा पडेल. गाडी फलाटाला लागल्यावर सगळे एकाच दारातून घुसले तर काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्रत्येक चूक पुन्हा प्रयत्न करण्याजोगी नसते. वेळ संपली, जोडणी तुटली, सर्व्हरने ५०० च्या घरातलं उत्तर दिलं (म्हणजे चूक त्याच्याकडची), तर पुन्हा पाठवा. ४२९ ('फार विनंत्या येताहेत') आलं तर सर्व्हर 'रिट्राय-आफ्टर' म्हणून जी वेळ सांगेल तितकं थांबा. ४०० आलं तर मात्र आपलीच माहिती चुकलीय; ती शंभर वेळा पाठवली तरी चुकीचीच राहील. ती रांगेतून बाजूला काढा आणि माणसाला दाखवा, नाहीतर तिच्यामागे सगळी रांग अडून बसेल.

अँड्रॉइडवर वर्क मॅनेजर हे पाठवण्याचं काम चांगलं सांभाळतो. 'नेटवर्क असेल तेव्हाच' किंवा 'मोजणी नसलेल्या जाळ्यावरच' (जिथे डेटा मोजून लागत नाही, जसं घरचं वायफाय) अशा अटी घालता येतात. फोन पुन्हा चालू झाला तरी काम जिवंत राहतं. त्याची मुळातली प्रतीक्षा ३० सेकंदांपासून दुपटीने वाढते आणि १० सेकंदांपेक्षा कमी करता येत नाही. म्हणून वापरणारा समोर बसलेला असताना पाठवणारा स्वतःचा ठेवा आणि अ‍ॅप मागे गेल्यावर वर्क मॅनेजरकडे सोपवा. आयओएसवर फाइली पाठवण्यासाठी बॅकग्राउंड यूआरएल सेशन आहे.

पैशाचं आधी म्हटलं होतं. यूपीआयचा किंवा कुठलाही व्यवहार या रांगेत टाकून आपोआप पुन्हा पाठवू नका. उत्तर आलं नाही तर आधी त्याच व्यवहार-क्रमांकाची स्थिती विचारा, आणि ती ठाम कळेपर्यंत 'तपासत आहोत' एवढंच सांगा. नवा व्यवहार माणसाने स्वतः सुरू करायचा.

पायरी ४: नेट ढिलं तर माल हलका

हा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडा (नेट तुटलं तरी फाइली वापरू देणारी) आणि पुढे ओडिसी या प्रणाली बांधल्या. ओडिसीचं काम १९९७ मध्ये मांडलं गेलं. त्यातली मुख्य कल्पना अशी: नेटवर्कवर लक्ष यंत्रणेने ठेवायचं, पण वेग घटला की कोणत्या प्रतीचा माल चालेल हे त्या त्या अ‍ॅपने ठरवायचं. व्हिडिओला कमी रंग चालतील, नकाशाला कमी तपशील चालेल. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न चिठ्ठीच्या फोटोचा होता. कॅमेऱ्याचा ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. खरा वेग २५६ केबीपीएस मिळत असेल तर तो चढवायला १२५ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात मुलगा पुढच्या लिफ्टमध्ये शिरलेला असतो. तोच फोटो २५० केबीचा केला तर ८ सेकंदांत जातो. म्हणून 'ढिली' स्थितीत लहान प्रत आधी, मूळ प्रत नंतर वायफायवर. पण किती लहान? डॉक्टरांचं अक्षर वाचता आलंच पाहिजे. आम्ही वेगवेगळ्या आकारांचे फोटो छापून प्रयोगशाळेतल्या मावशींसमोर ठेवले आणि त्यांना जो शेवटचा वाचता आला त्याच्या एक पायरी वरचा आकार धरला. हे ठरवायला दुसरा कुठलाही मार्ग मला पटत नाही.

मोठी फाइल तुकड्यांत पाठवा आणि कुठला तुकडा पोचला ते सर्व्हरला विचारून तिथून पुढे जा. नव्वद टक्के गेलेला फोटो पुन्हा पहिल्यापासून चढताना बघणं फार त्रासाचं असतं.

'ढिली' स्थितीत एकाच वेळी चालणाऱ्या विनंत्या एक-दोनवर आणा, ठिकाणाची माहिती पाठवणं पाच सेकंदांऐवजी मिनिटावर न्या, आणि आकडेवारीच्या नोंदी थांबवा. पाणी कमी आलं की घरात आधी पिण्याचं भरतात, धुणं उद्यावर जातं.

वेळेच्या मर्यादांबद्दल एक गैरसमज: नेट ढिलं असेल तर मर्यादा कमी करायची नसते, वाढवायची असते. ओकेएचटीटीपीमध्ये जोडणी, वाचन आणि लेखन यांना मुळात प्रत्येकी १० सेकंद असतात, पण संपूर्ण विनंतीला मर्यादाच नसते. ती स्वतः घाला.

वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना आयपी पत्ता बदलतो आणि टीसीपीची जोडणी तुटते. घराबाहेर पडताना हे रोजच होतं. एचटीटीपी/३ ज्याच्यावर चालतं तो क्विक प्रोटोकॉल, २०२१ साली प्रमाणित झालेला, जोडणी पत्त्यावरून न ओळखता स्वतःच्या क्रमांकावरून ओळखतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती चालू राहू शकते. सर्व्हरवर सोय असेल तर जरूर वापरा, पण त्यामुळे रांगेची गरज संपत नाही.

पायरी ५: बेगमी

कोडाने जोडणीच्या तीन अवस्था मानल्या होत्या: जोडलेलं असताना साठवून ठेवणं, तुटल्यावर साठ्यावर चालवणं, जोडणी परत आली की दोन्हीकडचं जुळवून घेणं. पहिलीला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: बेगमी. पावसाळ्याआधी घराघरांत होते तीच.

सकाळी घरच्या वायफायवर असतानाच दिवसभराच्या भेटी, पत्ते, कोणत्या चाचणीला कोणत्या टोपणाची नळी, हे सगळं फोनमध्ये भरून घ्या. प्रत्येक गोष्टीवर ती कधीची आहे ते लिहा. यादीच्या वर 'सकाळी ७.४० ची यादी' असं साधं वाक्य दिसलं तरी मुलगा शंका आल्यावर फोन करून विचारतो.

तिसरी अवस्था अवघड आहे. फोनचं नेट 'बंद' स्थितीत असताना कार्यालयाने भेट रद्द केली आणि तिकडे मुलाने नमुना घेतला, तर खरं कोणतं? 'जे शेवटी आलं ते खरं' हा नियम इथे चुकतो. घडून गेलेली गोष्ट ठरवलेल्या गोष्टीपेक्षा वरचढ, हा नियम आम्ही ठेवला. नमुना घेतलाय म्हणजे घेतलाय. रद्द झाल्याची खूण बाजूला जाते आणि एका माणसाला कळवलं जातं.

पायरी ६: पडद्यावर खरं लिहा

'काहीतरी चुकलं' असं कधीही लिहू नका. फोनवर जतन झालेल्या गोष्टीला 'यशस्वी' म्हणू नका. आमची दोन वाक्यं होती: 'फोनमध्ये जतन झालं. नेट आलं की लॅबला जाईल.' आणि पोचल्यावर 'लॅबला मिळालं, ११.०५.' ही वाक्यं आल्यावर मुलांनी बटण पुन्हापुन्हा दाबणं थांबवलं. गोल फिरणाऱ्या चक्रातून काहीच कळत नसल्यामुळे माणूस दाबत राहतो.

पायरी ७: टेबलावर आणि मग रस्त्यावर तपासा

टेबलावर अँड्रॉइड एम्युलेटरमध्ये वेग आणि विलंब बदलता येतो, अ‍ॅपलकडे नेटवर्क लिंक कंडिशनर आहे, लिनक्सवर नेटएम या साधनाने विलंब आणि पाकिटांची (डेटाच्या तुकड्यांची) गळती दोन्ही घालता येतात. गळती घालायला विसरू नका. नुसता विलंब घालून तपासलेलं अ‍ॅप दादरच्या पुलावर फसतं.

यातली एक चाचणी मी कधीच सोडत नाही: सर्व्हरने विनंती घ्यावी पण उत्तर पाठवू नये. म्हणजे आजींची लिफ्ट. सर्व्हरवर मुद्दाम तशी सोय करून घ्या आणि नोंद एकच राहते का ते बघा. दुसरी: रांगेत वीस नोंदी असताना अ‍ॅप जबरदस्तीने बंद करा, फोन बंद करा, चालू करा, मोजा.

मग बाहेर पडा. मेट्रो ३ आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर धावते आणि तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. जिने, फलाट, बोगदा, पुन्हा रस्ता, असे नेटवर्कचे बदल एका तिकिटात मिळतात. एक फेरी तळघरातल्या पार्किंगची, एक चाळीतल्या आतल्या खोलीची. बरोबर फोन मात्र टीमचा चकचकीत नको, मुलं वापरतात तो स्वस्तातला, भरलेल्या मेमरीचा घ्या. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागचं काम मारून टाकतात, ते अशाच फोनवर दिसतं.

पहिल्यांदा सगळ्यांना एकदम देऊ नका. दहा फोनांवर द्या आणि रोज एकच आकडा बघा: रांगेतली सगळ्यांत जुनी नोंद किती वेळची आहे. सरासरी बघू नका, सरासरीत अडकलेला माणूस दिसत नाही. फोनच अडकला असेल तर तो हे कळवूही शकणार नाही, म्हणून सर्व्हरवर उलट बाजूनेही मोजा: भेटीची वेळ होऊन तास झाला आणि त्या मुलाकडून काहीच आलं नाही, अशांची यादी. त्या यादीत नाव आलं की आमच्याकडे कुणीतरी साधा फोन लावतं आणि विचारतं, "दादा, रांगेत किती दिसतंय?"